पहिलाच फॉर्म बनवताय? विंडोज फॉर्म्स डिझायनर चार महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

चार महिने रोज थोडं थोडं वापरून मग लिहितेय, त्यामुळे लांबणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा. मी प्रोग्रामर नाही, दिवसभर हिशेबाचं काम करते, एक्सेलमध्ये फॉर्म्युले लावता येतात तेवढाच काय तो संबंध. घरातलं कुठलं पुस्तक कुणाकडे गेलंय याची नोंद ठेवणारं छोटंसं अ‍ॅप स्वतः बनवावं असं बरेच दिवस मनात होतं, शाळेत जाणाऱ्या भाचीलाही प्रोग्रामिंग शिकायचं होतं, मग म्हटलं दोघी मिळूनच करू. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं, भाषा सी शार्प, आणि त्यातला विंडोज फॉर्म्सचा डिझायनर. रिव्ह्यू त्या डिझायनरचाच आहे, म्हणजे फॉर्मवर, अर्थात अ‍ॅपच्या खिडकीवर, लेबल, टेक्स्टबॉक्स (लिहायचा डबा), बटण, चेकबॉक्स असे कंट्रोल मांडायचे आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, एवढ्याच भागाचा. ५ पैकी ४.५ देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईल.

आधी इन्स्टॉलचं सांगते कारण तिथेच बरेच जण अडकतात. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही दोन वेगळी सॉफ्टवेअरं आहेत, नावं सारखी असली तरी. फॉर्मवर कंट्रोल ओढून ठेवायचा डिझायनर पहिल्यात आहे, कोडमध्ये नाही. कम्युनिटी एडिशन स्वतः शिकणाऱ्याला फुकट आहे. इन्स्टॉलर भलीमोठी यादी दाखवतो, त्यातलं डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट (डॉट नेट म्हणजे ज्याच्यावर आपलं अ‍ॅप चालतं तो मायक्रोसॉफ्टचा पाया) एवढं टिक करा, बाकी काही लागत नाही, आणि तरीही काही जीबी जागा जाते हे धरून चला. मग नवीन प्रोजेक्ट करताना विंडोज फॉर्म्स अ‍ॅप या नावाचे दोन टेम्प्लेट दिसतात, एकाच्या पुढे डॉट नेट फ्रेमवर्क असं लिहिलेलं असतं, तो जुना. नव्याने शिकताय तर ज्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही तो घ्या. दोन्हीत आमच्यासारख्यांना जाणवणारा फरक म्हणजे फॉन्ट, जुन्यात मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ ८.२५ असतो आणि नव्यात सेगो यूआय ९, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून तंतोतंत मापं घातली की आपल्याकडे अक्षरं कापली जातात आणि कळत नाही की चुकलं कुठे.

हे तंत्रज्ञान जुनं आहे आणि मला ती जमेची बाजू वाटते. बटण ओढा, त्यावर डबल क्लिक करा, कोड लिहा, ही पद्धत १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिकबरोबर आली, अ‍ॅलन कूपर नावाच्या माणसाच्या कामातून तिची सुरुवात झाली. विंडोज फॉर्म्स २००२ मध्ये डॉट नेटच्या पहिल्या आवृत्तीसोबत आलं, २०१८ च्या शेवटी त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि ते आजच्या डॉट नेटमध्येही चालतंय. म्हणजे तुम्हाला जी एरर येणार ती आधी हजारो लोकांना येऊन गेलीये आणि तिचं उत्तर कुणीतरी लिहून ठेवलंय. नवशिक्याला यापेक्षा मोठा आधार नाही.

पहिली दहा मिनिटं खरंच सुखाची आहेत. डावीकडे टूलबॉक्स, मध्ये रिकामा फॉर्म, उजवीकडे प्रॉपर्टीज. लेबल ओढलं, त्याचं टेक्स्ट बदलून 'पुस्तकाचं नाव' केलं, शेजारी टेक्स्टबॉक्स, खाली बटण. बटणावर डबल क्लिक केलं की थेट कोडची खिडकी उघडते आणि कर्सर दोन महिरपी कंसांच्या मध्ये जाऊन बसतो, तिथे मेसेजबॉक्स दाखवायची एक ओळ लिहिली, एफ५ दाबून अ‍ॅप चालवलं, आणि भाचीने स्वतः टाइप केलेलं नाव छोट्या खिडकीत तिच्यासमोर आलं. तिने ते बटण वीसेक वेळा तरी दाबलं असेल. मी आधी पायथनमधलं टीकिंटर करून बघितलं होतं, तेही चांगलंच आहे, पण त्यात बटण कुठे बसणार हे कोडमध्ये लिहावं लागतं आणि चालवल्याशिवाय दिसत नाही, लहान मुलीला त्या वाटेने तासभर बसवणं अवघड गेलं असतं.

आता नावांबद्दल, आणि इथे मी जरा तळमळीने लिहिणार आहे. मी एक पैसे भरून ऑनलाइन कोर्स केला होता, त्यात शिकवणाऱ्याने शेवटपर्यंत टेक्स्टबॉक्स१, टेक्स्टबॉक्स२ हीच नावं ठेवली. आमच्याही फॉर्मवर तसंच सुरू झालं आणि दुसऱ्या आठवड्यात कोडमध्ये टेक्स्टबॉक्स७ आलं, तो पानांचा आकडा होता की घेणाऱ्याचं नाव ते दोघींनाही आठवेना, दर वेळी डिझायनरमध्ये जाऊन क्लिक करून बघायचं. कंट्रोल फॉर्मवर ठेवला की पहिलं काम त्याचं नाव बदलणं, दुसरं काम टेक्स्ट बदलणं, आणि मगच डबल क्लिक. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण डबल क्लिक केल्यावर जे फंक्शन, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोडचा तुकडा, तयार होतं त्याला त्या क्षणी असलेलं नाव लागतं, नंतर बटणाचं नाव 'सेव्ह' केलं तरी फंक्शन बटन१ क्लिक असंच राहतं. चालतं सगळं नीट, पण महिन्याभराने वाचताना फार त्रास होतो. जाता जाता, प्रॉपर्टीजमध्ये नेम आणि टेक्स्ट हे दोन वेगळे आहेत, नेम कोडसाठी आणि टेक्स्ट माणसांसाठी, भाचीचा यात पहिले चार दिवस गोंधळ होत होता.

खरी मजा कंट्रोल निवडण्यात आहे. कोर्समध्ये मला कुणी हे सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा पानांचा आकडा सुरुवातीला साध्या टेक्स्टबॉक्समध्ये होता. त्यात कुणी 'तीनशे' लिहिलं तर मजकुराचा आकडा करणारं इंट पार्स फॉरमॅट एक्सेप्शन (अ‍ॅप चालू असताना येणारी एरर) टाकून अ‍ॅप पाडतं, म्हणून ट्राय पार्स वापरलं, ते पाडत नाही, फक्त जमलं नाही असं सांगतं. मग वाटलं की अक्षरं टाइपच करू द्यायची नाहीत, त्यासाठी कीप्रेसमध्ये, म्हणजे प्रत्येक कळ दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, लिहायचा तयार कोड मिळाला, प्रत्येक अक्षर इज डिजिटने तपासायचं आणि आकडा नसेल तर थांबवायचं. झकास चाललं. मग एके संध्याकाळी मी ३४२ टाकते आणि अ‍ॅप म्हणतं 'आकडा टाका'. डोळ्यांसमोर आकडा दिसतोय, पुन्हा टाकला, पुन्हा तेच. भाची म्हणाली, "मावशी, तुझा कीबोर्ड मराठीवर आहे गं." आणि तेच होतं. सी शार्पमधलं इज डिजिट मराठी आकड्यालाही आकडाच मानतं, म्हणून माझे ३, ४, २ आत आले, पण इंट ट्राय पार्स फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, त्यामुळे तिथे ते नापास झाले. आपल्यासारख्या दोन कीबोर्डवर वावरणाऱ्यांना हे कधी ना कधी भेटणारच. शिवाय कीप्रेसचा तो पहारा पेस्टला लागूच होत नाही, राइट क्लिक करून पेस्ट केलं की काहीही आत जातं.

मग आम्ही टेक्स्टबॉक्स काढून न्यूमेरिक अपडाऊन बसवला, वर-खाली बाण असलेला आकड्यांचा डबा. अक्षरं येणं बंद, पार्स करायची गरजच नाही, व्हॅल्यूमधून थेट आकडा मिळतो, आमच्या पंधरा ओळी गेल्या. नोंदी सुरू केल्या आणि दोन दिवसांनी यादी बघितली तर प्रत्येक जाड पुस्तक १०० पानांचं. ३४२ टाकलं तरी १००, ६१० टाकलं तरी १००. कारण अगदी साधं, या कंट्रोलचा मॅक्सिमम मुळातच १०० असतो आणि त्याच्यावरचा आकडा टाकून पुढच्या डब्यात गेलं की तो न बोलता १०० वर येतो. आम्हीच मॅक्सिमम बघितला नव्हता. आता कुठलाही न्यूमेरिक अपडाऊन ठेवला की आधी मिनिमम आणि मॅक्सिमम ठरवायचं असा आमचा नियमच आहे, आणि मिनिमम १ ठेवायचा, कारण ० पानांचं पुस्तक नसतं. उलटं मात्र करू नका, मॅक्सिमम १०० असताना कोडमधून ३४२ व्हॅल्यू दिली तर तो गप्प बसत नाही, तिथे सरळ एक्सेप्शन येतं. मराठी आकडे इथेही चालत नाहीत, म्हणून लेबलमध्येच 'आकडे इंग्रजीत' असं लिहून ठेवलंय.

फोन नंबरसाठी मात्र हा कंट्रोल वापरू नका. फोन नंबर दिसायला आकडा असला तरी त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही, आणि सुरुवातीचं शून्य आकड्यात टिकत नाही. तिथे टेक्स्टबॉक्सच बरा, मॅक्सलेंथ, म्हणजे जास्तीत जास्त किती अक्षरं, ती लावायची, नाहीतर ती मुळात ३२७६७ असते. मराठी आकडे आले तर सेव्ह करताना एकेक अक्षर घेऊन कॅरमधल्या गेट न्यूमेरिक व्हॅल्यूने बदलून घेतो, ते मराठी पाचालाही पाचच म्हणतं. हे भाचीने शोधून काढलं, मी नाही.

कॉम्बोबॉक्स, म्हणजे खाली उघडणारी यादी, ही पुस्तकाच्या भाषेसाठी ठेवली. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा नोंदी दिल्या. हा कंट्रोल जसा टूलबॉक्समधून येतो तसा ठेवला तर त्यात माणूस स्वतःचंही टाइप करू शकतो, आणि माणसं करतात, आमच्या फाइलमध्ये मराठी, मराठि आणि पुढे एक स्पेस असलेली मराठी अशा तीन भाषा झाल्या होत्या, मोजायला बसल्यावर कळलं. ड्रॉपडाऊन स्टाइल बदलून ड्रॉपडाऊन लिस्ट केलं की फक्त यादीतलंच निवडता येतं. पण मग दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची, काहीच निवडलेलं नसेल तर सिलेक्टेड आयटम नल, म्हणजे काहीच नाही, असा असतो आणि त्याचा मजकूर करायला टू स्ट्रिंग लावलं की अ‍ॅप पडतं. बरेच जण यावर उपाय म्हणून सुरुवातीलाच पहिली नोंद निवडून ठेवतात. मला ते पटत नाही. घाईत असलेला माणूस त्या डब्याकडे बघतच नाही आणि मग निम्मी इंग्रजी पुस्तकं मराठी म्हणून नोंदली जातात, आणि चुकीची नोंद ही रिकाम्या नोंदीपेक्षा वाईट, हिशेबाच्या कामात हे मी रोज बघते. सिलेक्टेड इंडेक्स -१, म्हणजे काहीच न निवडलेलं, आहे का ते सेव्ह करताना तपासा आणि निवडायला सांगा, दोन ओळींचं काम आहे.

रेडिओ बटणांनी आम्हाला एक पूर्ण रविवार गुंतवून ठेवलं. 'वाचलं, वाचतेय, वाचायचंय' ही तीन आणि 'विकत घेतलं, भेट आलं' ही दोन. पाचही फॉर्मवर ठेवली, चालवलं, 'वाचलं' निवडलं, मग 'भेट आलं' निवडलं, तर 'वाचलं' आपोआप पुसलं गेलं. एका जागेत असलेली सगळी रेडिओ बटणं एकाच गटाची मानली जातात, आणि जागा म्हणजे फॉर्म, पॅनल किंवा ग्रुपबॉक्स. म्हणून दोन ग्रुपबॉक्स आणायचे आणि बटणं त्यांच्या आत ठेवायची, आत म्हणजे खरोखर आत, वरवर ठेवलेली दिसतात पण आत गेलेली नसतात असं होऊ शकतं, खात्री करायची तर ग्रुपबॉक्स हलवून बघा, बटणं सोबत सरकली तर आत आहेत. आणि त्यांना आत न्यायला कट पेस्ट करू नका, ओढूनच न्या. कट पेस्टमध्ये कंट्रोल पोचतो पण त्याला जोडलेलं फंक्शन सुटतं, कोड तिथेच असतो, एररही येत नाही, फक्त दाबल्यावर काही होत नाही. आमच्या रविवारातले तीन तास याच्यातच गेले. आणखी एक, रेडिओवर चेक्ड चेंज्ड हा इव्हेंट (काही घडल्याची सूचना, इथे निवड बदलल्याची) लावलात तर निवड बदलताना तो दोनदा येतो, एकदा सुटलेल्या बटणाचा आणि एकदा लागलेल्याचा, म्हणून आत आधी चेक्ड आहे का ते बघायचं.

चेकबॉक्स सोपा आहे, हो किंवा नाही. 'परत आलं' याला तो ठेवलाय. त्यावर लिहायला काही नाही.

डेटटाइमपिकर दिसायला देखणा, कॅलेंडर उघडतं, तारीख चुकीच्या स्वरूपात येऊच शकत नाही. पण तो रिकामा राहू शकत नाही, सुरुवातीला आजची तारीख दाखवतो, त्यामुळे जे पुस्तक अजून परत आलेलंच नाही त्यालाही आजची तारीख लागत होती. त्यात शो चेकबॉक्स नावाची प्रॉपर्टी आहे, ती ट्रू केली की तारखेच्या शेजारी छोटी टिक येते आणि टिक नसेल तर तारीख नाही असं धरायचं. व्हॅल्यूमध्ये तारखेबरोबर त्या क्षणाची वेळही असते, दोन तारखा सारख्या आहेत का तपासताना हे नडतं, म्हणून व्हॅल्यू डॉट डेट घ्या. १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख हा घेत नाही, पुस्तकांच्या नोंदीत जुनी वर्षं येतात म्हणून मी आधी घाबरले, पण मग लक्षात आलं की प्रकाशनाचं वर्ष माहीत असतं, दिवस आणि महिना कुठे माहीत असतो, मग तिथे डेटटाइमपिकर हवाच कशाला, न्यूमेरिक अपडाऊनमध्ये नुसतं वर्ष पुरे.

आता या रिव्ह्यूतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. भाचीने एक दिवस चुकून लेबलवर डबल क्लिक केलं. लेबल क्लिक असं रिकामं फंक्शन तयार झालं. तिला वाटलं हे नको आहे, म्हणून तिने ते नीट सिलेक्ट करून डिलीट केलं, कुणीही हेच करेल. आणि एफ५ दाबल्यावर एरर, सीएस१०६१, फॉर्म१ मध्ये या नावाचं काही नाही. ती रडवेली झाली, म्हणाली मी तर फक्त नको ते काढलं. एररवर डबल क्लिक केलं तर आम्ही कधीच न उघडलेली एक फाइल उघडली, फॉर्म१ डॉट डिझायनर डॉट सीएस. त्यात एक ओळ लाल रेघेने अधोरेखित, लेबल डॉट क्लिक, पुढे अधिक आणि बरोबरचं चिन्ह, आणि पुढे त्या गेलेल्या फंक्शनचं नाव. तेवढी ओळ काढली, सगळं सुरळीत.

पण ती फाइल उघडली होती म्हणून आम्ही वाचत बसलो. आणि त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कोर्सच्या चाळीस व्हिडिओंतून कळलं नव्हतं. आम्ही माउसने जे जे केलं होतं ते सगळं तिथे साध्या सी शार्पमध्ये लिहिलेलं होतं. नवीन टेक्स्टबॉक्स तयार करा, त्याची जागा ही, रुंदी ही, नाव हे, क्लिक झाल्यावर याला बोलवा, आणि शेवटी तो फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये घाला. इनिशियलाइझ कंपोनंट नावाचं एकच फंक्शन, आणि अ‍ॅप सुरू झालं की फॉर्म पहिल्यांदा तेच चालवतो. भाचीने लगेच विचारलं, मग आपण हे हाताने लिहिलं तर? रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तिने एक बटण डिझायनर न उघडता कोडमधून बनवलं, पहिल्यांदा दिसलंच नाही कारण कंट्रोल्समध्ये घालायची ओळ राहिली होती, ती घातली आणि दिसलं. त्या दिवसापासून तिला डिझायनरची भीती उरली नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा डिझायनर जरूर वापरा, पण पहिल्याच आठवड्यात ती लपलेली फाइल उघडून वाचा, बदलू नका, नुसती वाचा. बदलायचं नाही कारण डिझायनर ती पुन्हा स्वतः लिहितो, आपण घातलेलं उडू शकतं. नको असलेलं फंक्शन काढायचं झालं तर आधी प्रॉपर्टीजमधल्या विजेच्या चिन्हावर जा, तिथे इव्हेंट दिसतात, त्यातलं नाव पुसा, आणि मग कोड काढा, म्हणजे ती एरर येतच नाही.

चुका दाखवायला एरर प्रोव्हायडर वापरा, हे टूलबॉक्समध्ये खाली लपलेलं असतं आणि त्याच्याबद्दल फार कमी जण सांगतात. प्रत्येक चुकीला मेसेजबॉक्स दाखवला की माणूस वैतागतो, ओके दाबतो आणि विसरतो की काय चुकलं होतं. एरर प्रोव्हायडर त्या डब्याच्या शेजारी लाल खूण दाखवतो, तिच्यावर माउस नेला की आपण लिहिलेला मजकूर, आणि मजकूर रिकामा दिला की खूण जाते. आम्ही सगळं सेव्हच्या वेळी एकदम तपासतो. डब्यातून बाहेर पडतानाच अडवायची सोयही आहे, व्हॅलिडेटिंग इव्हेंटमध्ये, पण त्यात माणूस त्या डब्यात अडकून बसतो, रद्द करा हे बटणसुद्धा दाबता येत नाही जोवर तुम्ही त्या बटणाचं कॉजेस व्हॅलिडेशन फॉल्स करत नाही. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

खिडकी मोठी केल्यावर कंट्रोल कोपऱ्यात गोळा होऊन राहतात, त्यासाठी अँकर ही प्रॉपर्टी बघा, दहा मिनिटांत येतं.

अर्धा गुण कापला तो दोन कारणांसाठी. एक, हे फक्त विंडोजवर चालतं. कंट्रोल विंडोजच्याच स्वतःच्या कंट्रोल्सवर उभे आहेत त्यामुळे ते ओघाने आलंच, पण मॅक किंवा लिनक्स असेल तर या रिव्ह्यूचा उपयोग नाही, तिथे लॅझरस बघा, तेही फुकट आहे, असाच ओढून ठेवायचा डिझायनर आहे, भाषा पास्कल. दुसरं स्केलिंग. लॅपटॉपचा डिस्प्ले १२५ किंवा १५० टक्क्यांवर असतो आणि डिझायनर त्या मापाने बनवलेला फॉर्म दुसऱ्या स्क्रीनवर थोडा वेगळा दाखवू शकतो. फ्रेमवर्कवाला जुना टेम्प्लेट असेल तर वर पिवळी पट्टी येते, १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करू का, तर तिला हो म्हणा आणि मगच मांडणी करा.

आता टॅबचं. टॅब दाबल्यावर कर्सर कुठून कुठे जाणार हे तुम्ही कंट्रोल ज्या क्रमाने ठेवलेत त्यावर ठरतं, दिसायला कुठे आहे त्यावर नाही. आम्ही लेखकाचं नाव नंतर आठवून मध्ये घातलं होतं, म्हणून टॅब पुस्तकाच्या नावावरून पानांवर, तारखेवर, सेव्हवर जाऊन मग परत वर लेखकाकडे येत होता. व्ह्यू मेनूत टॅब ऑर्डर आहे, दाबलं की प्रत्येक कंट्रोलवर आकडा येतो, हव्या त्या क्रमाने एकेकावर क्लिक करत जायचं. लेबलच्या टेक्स्टमध्ये एखाद्या अक्षराआधी अँडचं चिन्ह टाकलं की ऑल्टबरोबर ते अक्षर दाबून थेट लेबलच्या पुढच्या डब्यात जाता येतं, फक्त टॅबच्या क्रमात लेबल त्या डब्याच्या लगेच आधी हवं.

हे सगळं झाल्यावर आम्हाला वाटलं अ‍ॅप तयार आहे, आणि आईला वापरायला बसवलं. पुस्तकं मुळात तिचीच. तिने पुस्तकाचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. लेखक लिहायला गेली तर फॉर्म रिकामा. पुन्हा नाव, पुन्हा एंटर, पुन्हा रिकामा. "अगं, हे माझं लिहिलेलं खातंय," म्हणाली. आम्ही फॉर्मच्या अ‍ॅक्सेप्ट बटणाला सेव्ह लावलं होतं, ज्याने कुठूनही एंटर दाबलं की सेव्ह होतं, आणि त्या दिवशी आमच्या तपासणीत फक्त नाव बघितलं जात होतं, बाकीचं नंतर करू म्हणून ठेवलं होतं. फाइलमध्ये चार अर्धवट नोंदी गेल्या होत्या. आईला टॅब माहीतच नाही, तिच्या हिशोबाने एक ओळ झाली की एंटर दाबून पुढे जायचं, आणि ते अगदी रास्त आहे.

भाचीने त्याच संध्याकाळी बदल केला. अ‍ॅक्सेप्ट बटण रिकामं केलं, फॉर्मचं की प्रिव्ह्यू ट्रू केलं, म्हणजे दाबलेली कळ आधी फॉर्मला कळते, आणि कीडाऊनमध्ये एंटर आला तर सिलेक्ट नेक्स्ट कंट्रोलने पुढच्या डब्यात जायचं असं लिहिलं. दर एंटरला टिंग असा आवाज यायला लागला, तो सप्रेस की प्रेस ट्रू केल्यावर थांबला. आता एंटर दाबत दाबत माणूस शेवटी सेव्हच्या बटणावर पोचतो आणि तिथे दाबलेला एंटर सेव्ह करतो. फॉन्ट १४ केला, लाल खुणा राहिलेल्या सगळ्या डब्यांना लावल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा फाइलमध्ये अकरा नवीन नोंदी होत्या, सगळ्या पूर्ण, आणि आईने त्यातली एकही आम्हाला विचारून भरली नव्हती.